ऐंशी किलोचा बारक्या

आमच्या नाटक कंपनीत सगळ्यात जास्त संवाद कुणाला पाठ होते असं विचारलंत, तर कुणीही नायकाकडे बोट दाखवील. ते खोटं आहे. सगळ्यात जास्त संवाद पाठ होते ते डाव्या विंगेत, बुटक्या स्टुलावर, मांडीवर वही आणि हातात बोटाएवढी बॅटरी घेऊन बसणाऱ्या एका बाईला. एकतीस वर्षं ती आमची प्रॉम्प्टर होती. राजाचे, चोराचे, वकिलाचे, सवतीचे, सगळ्यांचे संवाद तिला येत, आणि त्यातला एकही तिनं कधी प्रेक्षकांच्या कानावर जाऊ दिला नाही. कंपनीत तिला सगळे ‘विंगेतली’ म्हणत. मी अजूनही तेच म्हणते.

मी राण्या करायचे. दागिने पितळेचे, पण आवाज अस्सल. शेवटच्या रांगेत डुलक्या काढणारा माणूस माझ्या पहिल्या वाक्याला ताठ बसायचा. विंगेतली मला ‘राणीसरकार’ म्हणते, आणि ते कौतुकानं म्हणते असा माझा गैरसमज कधीच नव्हता. आता आम्ही दोघी एकाच इमारतीत राहतो. ती तळमजल्यावर, मी तिच्या बरोबर डोक्यावर. माझ्याकडे चमचा पडला तरी तिला कळतं. तिच्याकडे काय चाललंय ते मला कधीच कळत नाही, कारण त्या घरात सगळा कारभार कुजबुजत चालतो.

तिची कला काय होती ते सांगते. नट संवाद विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे पाठमोऱ्या माणसाच्या खांद्यावरून ओळखायचं, आणि विसरला असेल तरच पहिला शब्द सोडायचा. एक क्षण आधी सोडला तर त्याचा अभिनय मारला, एक क्षण उशिरा सोडला तर नट मेला. कोण कुठे अडलं, त्या ओळीसमोर ती पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवायची. एकदा आमच्या नायकानं आपल्या चुकीचं खापर भर कंपनीसमोर तिच्यावर फोडलं. तिनं वही उघडून त्याच्यापुढे धरली. एकाच ओळीसमोर सहा फुल्या. मालक म्हणाले, जाऊ दे, खोडून टाक ते. ती म्हणाली, “विसर त्यांचा आहे, पेन्सिल माझी आहे. खोडणार नाही.” आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसली. पुढे तीन महिने नायक तिच्याशी बोलला नाही, आणि त्या तीन महिन्यांत त्याचा एकही शब्द तिनं पडू दिला नाही.

अशा बाईच्या घरात तीन कुत्री आहेत. थोरली सासूबाई. पांढरी होती म्हणतात, आता चहात बुडवून काढल्यासारखी दिसते. बारा वर्षांची, लोंबत्या केसांची, दिवसभर उशीवर बसून सगळ्यांवर नजर ठेवणारी. दुसरा फौजदार. सहा किलोचा जीव, आखूड पायांचा, तपकिरी. दुधाच्या पिशवीवाल्यापासून वीजबिलवाल्यापर्यंत सगळ्यांची झडती घेतल्याशिवाय आत सोडत नाही. आणि तिसरा बारक्या.

बारक्या ग्रेट डेन जातीचा आहे. वजन ऐंशी किलो. उभा राहिला की जेवणाच्या टेबलावर हनुवटी टेकवतो, मान वर न करता. विंगेतलीचं स्वतःचं वजन पंचेचाळीस. आठ वर्षांपूर्वी तिच्या भाच्यानं तीन महिन्यांचं पिल्लू दोन दिवसांसाठी म्हणून आणून सोडलं. भाच्याचं घर नवं, सोफा पांढरा, बायको कडक. ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. आला तेव्हाच तो फौजदारापेक्षा मोठा होता, पण घरात सगळ्यात शेवटी आलेला म्हणून बारक्या. ते नाव त्यानं मनावर घेतलं. आजही सासूबाईंनी उशीवरून नुसतं पाहिलं तरी तो खोलीच्या कडेकडेनं जातो.

मोठं कुत्रं आणि छोटी कुत्री एका घरात ठेवायची म्हणजे काय, हे मी तिच्याकडे पाहून शिकले. लोकांना वाटतं भीती दातांची असते. ती म्हणायची, दात शेवटी, आधी पाय. त्याच्या मनात काही नसतं. तो नुसता वळतो, आणि त्या वळण्यात सहा किलोच्या जिवाचं हाड मोडू शकतं. म्हणून घरात नियम होते. दोघा छोट्यांच्या पट्ट्याला पोशाखांच्या पेटीतल्या बारीक घंट्या शिवलेल्या, पायाशी कोण आहे ते त्याला कळावं म्हणून. जेवण आधी छोट्यांचं, जमिनीवर. मग त्याचं, स्टुलावर, म्हणजे मान खाली घालायला नको. तोवर तो दाराच्या पलीकडे बसून जमिनीवर लाळेचं तळं करायचा. जेवल्यावर तासभर उड्या नाहीत, कारण एवढ्या मोठ्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडतो आणि मग डॉक्टरही हात टेकतात. शेपटीच्या उंचीवर एकही कपाट नाही. आनंद झाला की तो शेपूट भिंतीवर इतकं आपटतो की टोक फुटतं आणि भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडतात. पाहणाऱ्याला वाटावं इथं खून झालाय. झालेलं असतं एवढंच, की ती बाजारातून परत आलेली असते.

आणि सगळ्यात मोठा नियम खेळाचा. बारक्यानं खेळायचं ते बसून. तो जमिनीवर आडवा, आणि फौजदार त्याच्या कानाला लोंबकळलेला, मानेवर चढलेला, वाटेल ते. पण बारक्या उभा राहिला की खेळ संपला. हे तिनं त्याला ओरडून शिकवलं नाही. तिला ओरडता येत नाही. जवळ जायची, कानाशी वाकायची आणि म्हणायची, “बस.” तेवढ्यावर तो पर्वत खाली यायचा. सात वर्षांत त्याच्याशी कुणी वरच्या पट्टीत बोललंच नव्हतं. पुढचं सगळं ज्यामुळे घडलं ते हेच, म्हणून सांगून ठेवते.

गेल्या वर्षी तिच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. तेवढा दिवस तिघांना मी सांभाळायचं. तिनं मला वही लिहून दिली, अगदी नाटकाच्या संहितेसारखी. कुठे थांबायचं तिथे उभी रेघ, कुठे घाई नको तिथे दोन रेघा. शेवटी अधोरेखित वाक्य: बारक्याशी हळू बोलणे. मी हसले. म्हटलं, मला बोलायला शिकवतेस होय. ती म्हणाली, “शिकवत नाही. विनंती करतेय.”

सकाळचं जेवण मी वहीबरहुकूम केलं. तासभर उड्या होऊ दिल्या नाहीत. दहा वाजता तिघांना मागच्या अंगणात सोडलं आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले. बारक्या आडवा, फौजदार त्याच्या कानाला लागलेला, सासूबाई सावलीत. सगळं छान चाललं होतं. मग फौजदार कान सोडून त्याच्या पाठीमागे गेला, आणि त्याला शोधायला बारक्या उठून उभा राहिला. एवढंच झालं. वहीत लिहिलं होतं की जवळ जाऊन कानात सांगणे. पण जवळ जायला गुडघे लागतात. माझ्याकडे गुडघे नव्हते, आवाज होता.

“बारक्या, थांब!”

सेनापतीला दरबारातून हाकलताना लावायचे तो आवाज. चाळीस वर्षं त्या आवाजावर टाळ्या घेतल्या. त्या सकाळी त्यानं एका निरपराध जनावराची गाळण उडवली. बारक्या दचकून मागे उडाला, सगळ्या ऐंशी किलोंसह, आणि मागे फौजदार होता.

फौजदाराची ती किंकाळी मी विसरणार नाही. पटापट खिडक्या उघडल्या. उघडल्यावर लोकांना काय दिसलं? थरथरणारं एक अवाढव्य कुत्रं, आणि त्याच्या पायाशी तीन पायांवर केकाटणारं एक छोटं. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून आमच्या इमारतीचे सेक्रेटरी ओरडले की खाल्लं, खाल्लं त्यानं. मी तिथेच, तेव्हाच सांगायला हवं होतं. पण फौजदाराला टॉवेलात गुंडाळायचं होतं, रिक्षा बघायची होती, आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटली. मूग गिळून बसले.

कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पायाला प्लास्टर घातलं. म्हणाल्या, कुठेही दात लागलेला नाही, मोठ्याचा पाय वर पडलाय, सहा आठवड्यांत चालेल. संध्याकाळी विंगेतली डोळ्याला पट्टी बांधून परत आली. फौजदाराला मांडीवर घेतलं, बारक्याच्या कपाळावर हात ठेवला. तो दिवसभर कोपऱ्यातून हलला नव्हता. मग तिनं मला एकच विचारलं.

“तो उठला, तेव्हा तू काय केलंस?”

मी म्हटलं, काय करणार, इतक्यात होऊनच गेलं. तिनं उघड्या डोळ्यानं माझ्या खांद्यांकडे पाहिलं. 

दोन दिवसांनी तिच्या दाराला नोटीस लागली. मोठं कुत्रं धोकादायक आहे, रविवारी सभा होईल, त्यात निर्णय घेऊ. खाली सेक्रेटरींची सही. हे गृहस्थ निवृत्त हेडमास्तर, आणि इमारतीतल्या चौदा बिऱ्हाडांना ते अजून चौदा वर्गच समजतात. वाईट माणूस नाही. गच्चीच्या टाकीत पाणी नसलं तर पहाटे पाचला पंपाशी तेच उभे असतात. पण एकदा लाल शाईनं काही लिहिलं की ते खोडलं जात नाही.

सभा पार्किंगमध्ये, दोन मोटारी बाहेर काढून भरली. विंगेतली काळा चष्मा लावून आली आणि मागच्या खुर्चीवर बसली. हेडमास्तरांनी सुरुवात झोकात केली. म्हणाले, बाईंबद्दल आम्हांला आदर आहे, छोटी दोन कुत्री खुशाल ठेवावीत, कुणाची हरकत नाही. पण जो आपल्याच घरातल्याला सोडत नाही, तो आपल्या मुलाबाळांना काय सोडणार. भाच्याकडे परत पाठवा, नाहीतर शहराबाहेर कुणाच्या शेडवर राखणीला द्या. आठ दिवस देतो. तिनं उत्तर दिलं नाही. कुणीतरी मागून पुटपुटलं की तिला कुणी शब्द सुचवायला नाही वाटतं. थोडे हसले. ते हसू मला झोंबलं.

मग तिसऱ्या मजल्यावरची सून उठली. तिचा मुलगा दोन वर्षांचा, नुकता धावायला लागलेला. ती कुणाला टोमणा मारायला उठली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

“काकू, मला तुमच्याशी भांडायचं नाही. पण माझं पोर तुमच्या फौजदाराच्या दुप्पट असेल, त्याहून जास्त नाही. उद्या जिन्यात ते त्याच्या पायाखाली आलं तर मी काय करू?”

विंगेतली उभी राहिली. तिचा आवाज पोचेना म्हणून लोकांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

“बरोबर विचारलंस,” ती म्हणाली. “तो काही करत नाही, असं मी म्हणणार नाही. ज्याचं कुत्रं मोठं असतं त्यानं हे वाक्य कधी म्हणू नये. तो करू शकतो. चावून नाही, नुसता आनंदानं वळून. म्हणून मी नियम पाळते. जिन्यात तो माझ्या आणि भिंतीच्या मध्ये असतो. खाली पोरं खेळत असतील तर आम्ही बाहेर पडत नाही. सात वर्षांत त्याचा धक्का कुणाला लागलाय? लागला असेल त्यानं सांगावं.”

कुणी सांगितलं नाही. हेडमास्तर म्हणाले, मग त्या दिवशी नियम कुठे गेले होते?

आता मात्र मला बसवेना. मी उठले आणि सगळं सांगितलं. वही, अधोरेखित वाक्य, तिसरी पायरी, माझा आवाज. नियम मोडला तो मी, कुत्र्यानं नाही. आणि चार दिवस मी ते लपवलं, हेही सांगितलं. पार्किंगमध्ये शांतता पसरली. आयुष्यभर अशा शांततेसाठी धडपडले, आणि ती मिळाली तेव्हा नकोशी झाली.

हेडमास्तर जरा घुटमळले. पण लाल शाई ती लाल शाई. म्हणाले, “चूक तुमची असेल, पाय तर त्याचाच आहे ना? एवढं मोठं धूड ठेवलं की एक ना एक दिवस हे होणारच.” हात वर करायला सांगितले. कुत्रं हलवावं म्हणणारे नऊ, नको म्हणणारे चार. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेनं कुठेच हात वर केला नाही.

“ठराव मंजूर,” हेडमास्तर म्हणाले. “आठ दिवस.”

“ठराव तुमचा,” विंगेतली म्हणाली. “कुत्रा माझा. त्याच्या जातीला आठ वर्षं मिळतात, फार तर नऊ. सात संपलीत. उरलेलं तो माझ्या घरात काढणार, या दोघांच्या शेजारी. तो मोठा आहे म्हणून चुकला, हे मला मान्य नाही. मी त्याला कुठेही पाठवणार नाही. आठ दिवसांत नाही, आणि आठशे दिवसांतही नाही.”

हे सगळं तिनं जेवण झालं का विचारावं तशा सुरात सांगितलं, आणि खुर्ची घडी करून जागेवर ठेवून घरी गेली. मी मागोमाग. दाराशी ती थांबली.

“राणीसरकार, प्रवेश उशिरा घेतलास.”

मी म्हटलं, हो गं, चुकलं माझं.

“पण घेतलास,” ती म्हणाली आणि मला आत घेतलं.

त्या आठ दिवसांत इमारतीत बरंच कुजकं बोललं गेलं. कुणी तिच्या दारापुढून जाताना नाकाला रुमाल लावला. कुणी समजावणीच्या सुरात म्हणालं की वयाचा विचार करा, उद्या तुम्ही पडलात तर त्याला कोण आवरणार. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि वेळापत्रकात एका मिनिटाचाही फरक केला नाही. सकाळी साडेसहाला तिघांना घेऊन बाहेर. सासूबाई पुढे घंटी किणकिणत, बारक्या मागे डुलत. उलट पूर्वी ती मागच्या फाटकातून जायची, आता पुढच्या फाटकातून जायला लागली. फौजदाराला प्लास्टर घातलेल्या पायानिशी कडेवर घेऊन.

चौथ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरची सून पोराला कडेवर घेऊन दारात आली. आत आली नाही. म्हणाली, मला ती वही बघायची आहे. विंगेतलीनं दिली. तिनं दारातच उभं राहून शेवटपर्यंत वाचली. मग पुढचे तीन दिवस सकाळी त्यांचं जेवण बघायला उंबऱ्याबाहेर उभी राहायची, पोराच्या दंडाला घट्ट धरून. पोर हसायचं, ती हसायची नाही. मला तिनं सांगितलं की तिला अजूनही त्याची भीतीच वाटते. मी म्हटलं, वाटू दे, भीती वाटणाराच नियम पाळतो. मी कुठे घाबरले होते?

नवव्या दिवशी अकराच्या सुमाराला फाटकाशी गाडी थांबली. कुत्री नेणारी, मागे जाळी असलेली. दोन माणसं उतरली, एकाच्या हातात दोरीचा फास लावलेली काठी. पुढे हेडमास्तर, काखेत सभेचं रजिस्टर. मी जिना उतरेपर्यंत विंगेतलीनं दोन्ही दारं सताड उघडली होती.

आत बारक्या आडवा पसरला होता. त्याच्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये फौजदार प्लास्टरचा पाय बाहेर काढून झोपला होता. सासूबाई उशीवर.

“या,” ती म्हणाली. “मी अडवणार नाही, मारामारीचं माझं वय नाही. पण तो मी सांगितल्याशिवाय उठत नाही, आणि मी सांगणार नाही. उचलून न्या. फक्त त्या छोट्याला आधी बाजूला घ्या, त्याचा पाय दुखावलाय.”

काठीवाला वाकला. फौजदारानं एक डोळा उघडून गुरगुर केली. बारक्यानं मान उचलून जांभई दिली. त्या जांभईत काठीवाल्याचं अख्खं डोकं मावलं असतं. तो सरळ उभा राहिला आणि हेडमास्तरांना विचारलं, कुणाला चावलाय का? हेडमास्तर म्हणाले, अजून नाही. त्यानं विचारलं, मग तक्रार कुणाची? हेडमास्तर म्हणाले, तिसऱ्या मजल्यावर लहान मूल आहे, त्याच्या सुरक्षिततेसाठी इमारतीनं ठराव केलाय.

“माझ्या पोराचं नाव घेऊन नका नेऊ.”

सून जिन्यात उभी होती. पोराला कडेवर घेऊन ती दोन पायऱ्या खाली आली. “मी तशी तक्रार दिलेली नाही, सर. मी विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं. माझं पोर मी सांभाळीन.”

काठीवाल्यानं आपल्या जोडीदाराकडे पाहिलं. जोडीदारानं बारक्याकडे पाहिलं आणि म्हणाला की एवढं उचलायचं तर चार माणसं लागतील, आणि कागद पक्का लागेल. गाडी आली तशी गेली.

हेडमास्तर मात्र गेले नाहीत. त्यांनी रजिस्टर उघडलं. म्हणाले, ठराव झालाय, त्यापुढे काय कारवाई झाली हा रकाना मी रिकामा ठेवू शकत नाही. काय लिहू?

“लिहा,” विंगेतली म्हणाली. “कुत्रा हलवायला रहिवासी बाईंचा साफ नकार.”

त्यांनी लिहिलं. ‘साफ’ वगळलेलं तिनं पाहिलं आणि घालायला लावलं. मग पेन घेऊन खाली सही केली, एवढ्या ठसठशीत अक्षरात की पुढच्या पानावर उमटावी. तिच्या खाली मी केली. सुनेनं पोराला माझ्याकडे दिलं आणि माझ्या खाली तिनं केली. हेडमास्तरांनी चष्मा पुसून तिन्ही सह्या तपासल्या आणि म्हणाले, तारीख राहिली.

विंगेतलीनं तारीखही घातली.